मदत हवी आहे: आठवडावार रुग्णसंख्येत भलताच खांब येतोय

शोधयात्री:
साथीच्या रुग्णांची यादी आहे, एका ओळीत एक रुग्ण. 'आर' या आकडेवारीच्या संगणकभाषेत आठवडावार मोजणी करून आलेख काढला, तर अगदी शेवटी एक खांब उभा राहतो. त्या दिवसांत एकही रुग्ण नाही! दोन दिवस यातच गेले, उद्या तक्ता द्यायचाय. लवकर सांगा प्लीज.

आकडेमोड:
कोड कुठाय? आठवडा कशाने काढलात? तारखा तारखाच आहेत ना? एक्सेलमधून आणल्या की कधीकधी ४४१९७ असे आकडे येतात (म्हणजे १ जानेवारी २०२१).

गवतफुला:
आर कशाला? एक्सेलचं पिव्होट टेबल (आपोआप बेरजा-गट करणारा तक्ता) लावा, पाच मिनिटांचं काम. माझे सगळे अहवाल त्यावरच होतात.

आकडेमोड:
पिव्होटला ७-७ दिवसांचे गट पाडायला सांगावं लागतं, आणि ते यादीतल्या पहिल्या तारखेपासून मोजतं, सोमवारपासून नाही.

गवतफुला:
सुरुवातीची तारीख बदलता येते. न वापरता नावं ठेवू नका.

दूरदर्शी:
आर-नॉट (एका रुग्णामुळे सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) काढताना आधी एका रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून त्याच्यामुळे लागण झालेल्या दुसऱ्याला दिसेपर्यंतचे दिवस बघा.

शोधयात्री:
आर-नॉट नकोय हो! तारखा बरोबर आहेत. ल्युब्रिडेट या आरच्या तारखांच्या पॅकेजमधलं इयर() (वर्ष) आणि आयसोवीक() (आठवड्याचा क्रमांक), दोन्हींवर ग्रुप_बाय, म्हणजे गट पाडले. यादी मार्च २०२० ते जून २०२१. खांबाखाली '२०२१, आठवडा ५३' येतं.

आकडेमोड:
हे आधी सांगायचं ना! १ ते ३ जानेवारी २०२१ हे दिवस आयसोच्या (सोमवारपासून आठवडे मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या) हिशोबात २०२० च्या ५३व्या आठवड्यातले. इयर() मात्र २०२१ देतं, म्हणून ते '२०२१, आठवडा ५३' होऊन शेवटी जातात. आयसोइयर() घ्या. त्याहून बरं, फ्लोअर_डेट()मध्ये एकक 'वीक' आणि वीक_स्टार्ट १ द्या, प्रत्येक तारखेला तिच्या आठवड्याचा सोमवार मिळेल.

मोजणीदार:
ल्युब्रिडेटमध्येच साथींच्या नोंदीसाठी एपिवीक() आहे, त्याचा आठवडा रविवारी सुरू होतो. तक्ता ज्यांना द्यायचाय त्यांना कुठला चालतो ते विचारा. शून्य रुग्णांचे आठवडे मोजणीत गळतात आणि सरासरी फुगते, ते आरमधल्या कम्प्लीट()ने भरा. तारीख कुठली धरलीत, लक्षणांची की नोंदीची?

शोधयात्री:
खांब गेला!! खूप आभार. तारीख नोंदीची आहे. लक्षणांच्या रकान्यात बऱ्याच जागा रिकाम्या आहेत, तिथे नोंदीचीच टाकू का?

मोजणीदार:
अजिबात नको. नोंद उशिरा होते, शिखर पुढे सरकेल. आलेखावर 'नोंदीची तारीख' असं ठळक लिहा. लक्षणांचा वेगळा काढलात तर शेवटचे दोन-तीन आठवडे फिके रंगवा. तिथली उतरण बऱ्याचदा नोंदी यायच्या राहिल्यामुळे दिसते, आणि लोक साथ ओसरली असं समजतात.

गवतफुला:
हे मात्र पिव्होटवाल्यांनाही लागू. माझ्या आलेखात आजच बदलते.