अनुभव धागा: राहणं शहरात, देव गावात

गणपतीला अवकाश आहे, पण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे आमच्याकडे पंचांगाआधी आयआरसीटीसी बघतात. शहरात राहून गावचा देव कसा सांभाळता? कोकणात कुठलेही असा, कुठल्याही धर्माचे असा, लिहा.

शिमगेकरी, संगमेश्वर
आमच्या वाडीत पालखी घरोघर फिरते, घरांचा क्रम पिढीजात. आता निम्म्या घरांना कुलूप, मालक विरार-नालासोपाऱ्याला. बरीच भांडणं झाल्यावर ठरलं, मुंबईकरांची घरं शनिवार-रविवारी. म्हातारे कुरकुरले, म्हणून कौल लावला, म्हणजे देवीलाच विचारलं. देवीने उजवा दिला, म्हणजे होकार! (कौल लागायच्या आधीच मंडळाच्या ग्रुपवर वेळापत्रक आलं होतं, ते सोडा.)

मालवणी माणूस
आंगणेवाडीचं उलटं. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसतेच, देवीला विचारून ठरते. रजेच्या अर्जात 'देवीने तारीख दिली' लिहून चालत नाही. 'पोट बिघडलं' चालतं.

डोंबिवलीची सून
आमच्या इमारतीच्या भजनी मंडळात पखवाज मी वाजवते. सासर कणकवलीकडे, तिथे भजन पुरुषांचं, मी चहा गाळायला. लग्नानंतरच्या गणपतीत पखवाजाकडे सरकले तर सासूबाई म्हणाल्या, "गो, तां पुरुषांका वाजवंदे." गेल्या वर्षी बुवांचा पखवाजी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. बुवा पेटी उघडून बसलेले, माणसं जमलेली. शेवटी पुतण्याच म्हणाला, "काकी वाजवता." वाजवला. गजराला तर ओटीवरचे म्हातारेही डोलत होते. दुसऱ्या दिवशी पखवाजी पोचला आणि मी परत चुलीपाशी. नवरा म्हणतो, होईल हळूहळू. कधी, ते विचारलं की मोबाइल बघतो.

दापोलीकर
रमजानात विरार लोकलमध्ये रोजा सुटतो. दाराशी लटकलेल्या माणसापर्यंत खजूर पोचतो, कोणाचा ते कळतही नाही. गावच्या मोहल्ल्यात पुरुष मुंबईत नाहीतर आखातात. ईदच्या नमाजाला मागच्या सफा (रांगा) रिकाम्या.

गावीच असतो, देवगड
भावकीतल्या बंद घरांच्या चाव्या माझ्याकडे. सणावाराला देव्हाऱ्यात दिवा लावायचा, पावसाआधी कौलं बघायची. देवळात गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे सगळ्यांसाठी घालायच्या मागण्यात, "मुंबयत ऱ्हवतत त्या लेकरांची राखण कर" असतंच, पण "व्हय म्हाराजा" म्हणायला आम्ही मोजके म्हातारे. मुंबईकरांनो, गाऱ्हाण्याचा व्हिडिओ मागता, पाठवतो. वीजबिलाचे पैसेही पाठवा, नुसते जोडलेले हात नकोत.