शब्दचर्चा : ‘पिक्चरेस्क’ म्हणजे निसर्गरम्य का?

प्रश्न

अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक आणि ग्रंथकार विल्यम गिल्पिन (१७२४–१८०४) यांच्यावर मी एक परिचयलेख लिहीत आहे. त्यांच्या पुस्तकांची यादी मराठीत उतरवताना बहुतेक ठिकाणी अडले नाही. १७५३ मध्ये त्यांनी आपल्याच घराण्यातील सोळाव्या शतकातले धर्मोपदेशक बर्नार्ड गिल्पिन यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे लॅटिमर, विक्लिफ, क्रॅनमर या धर्मसुधारकांची चरित्रे, मुद्राचित्रांवरील (ठशावरून छापलेल्या चित्रांवरील) निबंध, धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीवरील व्याख्याने, नव्या कराराचे विवरण आणि खेड्यातील मंडळीपुढे केलेली प्रवचने अशी ही यादी चालते. अडचण आली ती प्रवासाच्या पुस्तकांपाशी. वाय नदी (१७८२), इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांचा प्रदेश (१७८६), स्कॉटलंडचा डोंगराळ भाग (१७८९) आणि अरण्यशोभा (१७९१) या सर्व पुस्तकांच्या नावांत ‘मुख्यतः पिक्चरेस्क सौंदर्यासंबंधी’ असे शेपूट आहे. मी ‘निसर्गरम्य’ असे लिहिले होते, पण निबंधांतील मजकुराशी ते जुळेना. ‘चित्रमय’ आणि ‘चित्रोपम’ हे पर्यायही मनात आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

दुसरी लहान शंका अशी की, गिल्पिन यांना १७७७ मध्ये बोल्डर गावचे जे ‘लिव्हिंग’ (गावच्या धर्मोपदेशकाचे पद व त्याबरोबरचे उत्पन्न) मिळाले, त्याला मराठीत काय म्हणावे?

पहिला प्रतिसाद

आपल्या कानाला ‘निसर्गरम्य’ खटकले, हे योग्यच झाले. हा शब्द आज विश्रामगृहांच्या जाहिरातींत आणि सहलींच्या पत्रकांत इतका रुळला आहे की हिरवळ, पाणी आणि शांतता असली म्हणजे तो लागू होतो. गिल्पिन यांचा शब्द मात्र निसर्गाबद्दल नसून चित्राबद्दल आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ चित्रकाराच्या रीतीचे असा होतो आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. गिल्पिन यांनी १७६८ च्या मुद्राचित्रांवरील निबंधात पारिभाषिक शब्दांचे अर्थ दिले आहेत. त्यांत पिक्चरेस्क म्हणजे चित्रात जे गोड वाटते अशा विशिष्ट प्रकारचे सौंदर्य, एवढीच व्याख्या केली आहे. म्हणजे हा शब्द आधी चित्रसंग्राहकांच्या टेबलावर घडला आणि नंतर नदीकाठी गेला. ज्या पुस्तकात तो प्रथम नीट बांधला गेला, त्यात प्रवास मुळीच नाही, ही गोष्ट आपल्या लेखात अवश्य यावी.

आता ‘रम्य’ का चालत नाही ते पाहू. १७९२ च्या तीन निबंधांत गिल्पिन यांनी सुंदर आणि पिक्चरेस्क यांच्यात स्पष्ट भेद केला आहे. सुंदर वस्तू गुळगुळीत, नितळ आणि घडीव असते, तर चित्रात शोभणाऱ्या वस्तूला खडबडीतपणा लागतो. ते म्हणतात की उत्तम प्रमाणबद्ध इमारत डोळ्यांना कितीही सुखवीत असली तरी ती चित्रात आणायची तर छिन्नीऐवजी हातोडा हाती घ्यावा, अर्धी इमारत पाडावी, उरलेली विद्रूप करावी आणि तुटलेले भाग ढिगाऱ्यांत विखरून टाकावेत. हिरवळ असेल तर ती खणून उंचसखल करावी आणि फुलझाडांच्या जागी ओबडधोबड ओक लावावेत. उमद्या घोड्यापेक्षा थकलेला गाडीचा घोडा, गाय, बकरी आणि गाढव ही त्यांना चित्रासाठी अधिक पसंत आहेत. मोडक्या गढीला किंवा हाडे निघालेल्या गाढवाला मराठीत कोणी ‘निसर्गरम्य’ म्हणणार नाही.

‘चित्रमय’ म्हणजे चित्रांनी भरलेले. तो शब्द सचित्र पुस्तकाला शोभतो. ‘चित्रदर्शी’ हा मराठी समीक्षेत वर्णनशैलीसाठी पक्का झाला आहे आणि पिक्चरेस्क भाषा असा प्रयोग जेथे येतो तेथे तोच वापरावा, स्थळासाठी नको. ‘चित्रोपम’ जवळ येतो, पण त्याची दिशा उलटी आहे. चित्रोपम दृश्य म्हणजे चित्रासारखे भासणारे दृश्य, आणि गिल्पिन यांना अभिप्रेत आहे ते चित्रात घेण्यास लायक दृश्य. हा भेद शब्दच्छलाचा नाही. त्यांच्या मते निसर्ग रंगांत श्रेष्ठ आहे, पण मांडणीत तो चुकतो आणि चित्रकाराने त्याला सुधारावे लागते. वाय नदीच्या काठच्या टिन्टर्न येथील उद्ध्वस्त मठाच्या त्रिकोणी भिंती त्यांच्या डोळ्यांना फार नियमित वाटल्या, तेव्हा विवेकाने चालवलेला हातोडा येथे उपयोगी पडेल, असे त्यांनी लिहिले. हे दृश्य चित्रोपम असते तर हातोड्याची सूचना आलीच नसती.

म्हणून माझी सूचना ‘चित्राजोगे’ अशी आहे. आपण पोटाजोगे, कामाजोगा, लग्नाजोगी असे सहज म्हणतो. त्याच वळणाने चित्राजोगे सौंदर्य, चित्राजोगा किनारा, चित्राजोगी गढी. ‘जोगे’ या प्रत्ययात लायकी आणि मापात बसणे हे दोन्ही अर्थ आहेत, आणि गिल्पिन यांची सारी दृष्टी चौकटीत काय बसते यावरच आहे.

‘लिव्हिंग’बद्दल: ग्रामोपाध्यायाच्या उत्पन्नाला आपल्याकडे ‘वृत्ती’ म्हणत, तोच शब्द घ्यावा. फरक इतकाच की गावच्या जोशाची वृत्ती पिढीजात चाले, तर इंग्लंडात ती देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असे तो आपल्या पसंतीच्या माणसाला देई. गिल्पिन यांना ही वृत्ती त्यांचा जुना विद्यार्थी आणि पुढे ग्रीसचा इतिहास लिहिणारा विल्यम मिटफर्ड याने दिली. त्याआधी ते चीम येथील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि छडीपेक्षा दंड व मुलांच्याच पंचायतीवर त्यांची भिस्त अधिक होती. ‘पाद्री’ हा शब्द मात्र शक्यतो टाळावा. मराठी वाचकाच्या मनात त्याबरोबर मिशनरी उभा राहतो, आणि बोल्डरच्या या गृहस्थांनी कोणाचे धर्मांतर करण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा प्रतिसाद

‘चित्राजोगे’ समर्पक आहे, हे मान्य करूनही एक हरकत नोंदवतो. परिचयलेखात ग्रंथनामाचे भाषांतर करताना हा शब्द थोडा घरगुती वाटतो. ‘चित्रार्ह’ किंवा ‘चित्रयोग्य’ का नको? शिवाय आपल्याकडे ‘देखावा’ हा तयार शब्द आहे, त्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. जुन्या मराठी प्रवासवर्णनांत डोंगर-दऱ्यांचा देखावा असतो, संगीत नाटकात पडद्यावर रंगवलेला देखावा असतो आणि गणेशोत्सवात मंडळे देखावा उभारतात. तिन्ही ठिकाणी पाहणाऱ्यासाठी मांडलेले काहीतरी आहे.

पहिला प्रतिसादक पुन्हा

‘देखावा’ची आठवण करून दिल्याबद्दल आभार, तो माझ्या ध्यानात आला नाही, ही चूकच झाली. वाय नदीवरील पुस्तकात गिल्पिन यांनी नदीच्या प्रत्येक दृश्याचे जे भाग पाडले आहेत, ते अक्षरशः रंगभूमीचे आहेत: समोरचे पाणी म्हणजे मोकळी जागा, दोन्ही काठ म्हणजे बाजूचे आडपडदे, आणि वळण घेऊन नदी दिसेनाशी होते तेथे समोरचा पडदा. आपली नाटकवाली मंडळी बाजूच्या आडपडद्यांना सरळ ‘विंग’ म्हणतील. तेव्हा गिल्पिन यांच्या ‘सीनरी’साठी देखावा अगदी बरोबर आहे, आणि अरण्यशोभेच्या पुस्तकाचे नाव ‘अरण्यातील देखावे’ केले तरी चालेल. पण पिक्चरेस्क हे विशेषण आहे आणि देखाव्याचे ‘देखणे’ केले की आपण पुन्हा नितळ सौंदर्याकडे घसरतो. ‘चित्रार्ह’ व्याकरणाने निर्दोष आहे, मात्र गाईंपुढे तो टिकत नाही. सरोवरांच्या पुस्तकात गिल्पिन सांगतात की दोन गाई चित्रात एकमेकींशी जुळत नाहीत, तीन असल्या म्हणजे समूह बहुधा चांगला बसतो, आणि चौथी आली तर तिघींना एकत्र ठेवून तिला थोडी दूर उभी करावी. तीन ‘चित्रार्ह’ गाई वाचून वाचक हसेल. तीन चित्राजोग्या गाई तो पाहील. हसू इंग्रजीतही आलेच होते: जेन ऑस्टिन यांच्या एका नायिकेने फिरायला निघालेल्या तिघांना, चौथी आली तर पिक्चरेस्क बिघडेल, असे म्हणून काढता पाय घेतला आहे.

शब्दाच्या मर्यादेविषयी एक गोष्ट राहिली. टिन्टर्नच्या त्याच अवशेषांत भिकाऱ्यांनी खोपटी बांधलेली होती. मठाचे ग्रंथालय दाखवते, असे सांगून एक म्हातारी गिल्पिन यांना आपल्याबरोबर घेऊन गेली. तिचे हातपाय लकव्याने लटपटत होते आणि दोन काठ्यांच्या आधाराने ती कशीबशी सरपटत चालली होती. ग्रंथालय म्हणून तिने दाखवली ती तिची स्वतःची ओल आलेली कोठडी. तिला सांगायचे होते ते मठाविषयी नव्हतेच. ती स्वतःच्या हालांची कहाणी सांगत होती. माणसाने राहण्याची इतकी किळसवाणी जागा आपण पाहिली नाही, असे गिल्पिन यांनी लिहून ठेवले आहे. हातोड्याची सूचना आणि ही म्हातारी एकाच मठाच्या वर्णनात येतात. पुढे सरोवरांच्या पुस्तकात तेच गृहस्थ म्हणतात की नीतीच्या दृष्टीने कष्टाळू कारागीर अधिक आवडतो, पण चित्राच्या दृष्टीने रिकामटेकडा शेतकरीच बरा. प्रवचने लिहिणारा आणि देखावे पाहणारा हे दोन वेगळे गिल्पिन नव्हते. चित्राची लायकी ही नीतीची लायकी नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. ‘चित्राजोगे’ म्हटले की ही मर्यादा शब्दातच राहते. ‘रम्य’ म्हटले की ती पुसली जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ग्रंथनाम ‘वाय नदी व दक्षिण वेल्सचे काही भाग यांविषयी, मुख्यतः चित्राजोग्या सौंदर्यासंबंधी, १७७० च्या उन्हाळ्यात केलेली निरीक्षणे’ असे केले आहे. लांब झाले आहे, पण मूळ नावही काही आखूड नाही. ‘वृत्ती’ स्वीकारली असून, पिढीजात नसल्याची एक ओळ घातली आहे. गिल्पिन यांनी उतारवयात आपली चित्रे विकून आलेल्या पैशातून बोल्डरच्या शाळेची कायमची तरतूद केली, हा मजकूरही त्याच परिच्छेदात घेतला आहे. ‘निसर्गरम्य’ आता लेखात एकदाच उरला आहे, तोही बोल्डर गावाच्या वर्णनात. तेथे तो माझा शब्द आहे, गिल्पिन यांचा नाही.