पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक: कुतच्या वेढ्यातलं आहे का?

परभणीकर:
चांदीचं गोल पदक. एका बाजूला पाचवे जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस, 1914 आणि 1918. पणजोबांना इराकमधल्या कुतच्या वेढ्यात (तुर्कांनी इंग्रजांची फौज कोंडली तेव्हा) शौर्याबद्दल मिळालं, असं गावात सांगतात. रिबन नाही, कडा काळी पडलीय. चिंच-रांगोळीनं घासू का?

जुनीनाणी_बीड:
अजिबात नको! कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. पॉलिशनं आधी तीच अक्षरं झिजतात. सराफाकडेही देऊ नका, तो मशीनवर चकाचक करून देईल आणि पदक मुकं होईल. कोरडं सुती फडकं फिरवा, मोबाईलची बॅटरी कडेला तिरपी धरा, अक्षरं सावलीनं उठून दिसतात. रिबन नवी लावता येते: मधे रुंद नारिंगी पट्टा, दोन्हीकडे पांढरा, काळा, निळा. ठेवताना प्लॅस्टिकची पाकिटं टाळा.

परभणीकर:
वाचलं दादा. नंबर, सिपॉय (शिपाई), नाव, शेवटी '117 महरट्टाज'.

पलटण_अभ्यासक:
हे ब्रिटिश वॉर मेडल. शौर्याचं नाही, लढाईच्या काळातल्या सेवेचं. मजूर-हमालांच्या तुकड्यांना हेच कांस्यात मिळे, तुमचं चांदीचं.

कुतमध्ये 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या, तेव्हा शक्यता आहे. पण नुसत्या 117 वरून सिद्ध होत नाही. नंतर भरती होऊन आलेल्यांच्या कडेवरही तेच येतं. वेढा पडला 7 डिसेंबर 1915 ला, शरणागती 29 एप्रिल 1916 ला. म्हणून घरात पितळी रंगाचा, चार टोकांचा '1914-15' तारा शोधा. तो 1915 संपायच्या आत रणभूमीवर पोचलेल्यांनाच मिळाला, नाव मागच्या बाजूला असतं. पेटीतून हरवलेला असू शकतो, त्यामुळे नाही सापडला म्हणून लगेच निकाल लावू नका. सापडला तर मात्र कुतची गोष्ट बरीच वजनदार होते.

लातूरवाला:
नंबर पलटणीपुरताच असायचा, म्हणून तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दिसला तर माणूस वेगळा. नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाप्रमाणे, आडनाव गायबही असेल. मराठवाडा तेव्हा निजामाकडे. पत्त्यात 'हैदराबाद संस्थान' आलं तर गोंधळू नका. कडेचा स्पष्ट फोटो आणि मजकूर जोडून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. 1922 मध्ये पलटणींचे नंबर बदलले, 117 ची 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' या रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली. अर्जात दोन्ही लिहा, नाहीतर जुनं नाव बघून कारकून परत पाठवेल.