लहान मुलांना तर्क आणि तत्त्वज्ञान शिकवावे काय?

चर्चाप्रस्ताव
तत्त्ववेत्त्यांची नावे आणि मते मुलांकडून पाठ करून घ्यावीत, असे मी म्हणत नाही. विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा तर्क कच्चा पाहून अस्वस्थ झालेल्या मॅथ्यू लिपमन यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी एक कथा लिहिली आणि १९७४ मध्ये या कामासाठी माँटक्लेअर येथे संस्था उभारली. त्या कथेतला मुलगा ‘सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात’ यावरून सूर्याभोवती फिरणारा धूमकेतूही ग्रहच, असे उत्तर देऊन वर्गात फसतो आणि विधान उलटे केले की ते खरे राहतेच असे नाही, हे पुढे स्वतःच शोधून काढतो. ही सवय दहाव्या वर्षी लागली, तर अफवा आणि जाहिराती यांच्यापुढे मूल सहजासहजी मान डोलावणार नाही.

प्रतिसाद १
मला हे पटत नाही. खुद्द प्लेटोने तरुणांच्या हाती वादविद्या लवकर देऊ नये, असे बजावले होते. तिची चव लागलेले तरुण कुत्र्याच्या पिल्लांसारखे दिसेल त्याचे लचके तोडतात, असे तो म्हणतो. शिवाय अशा तासांचा परिणाम पाहण्यासाठी इंग्लंडमधील ४८ शाळांत झालेल्या चाचणीत वाचन आणि गणितात जी प्रगती २०१५ मध्ये सांगितली गेली, ती पुढे १९८ शाळांच्या मोठ्या चाचणीत वाचनाच्या बाबतीत दिसली नाही. मग वेळापत्रकातला तास कशासाठी द्यायचा?

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर
आकडे मान्य आहेत, आणि वाचनाच्या गुणांचे आमिष दाखवून या विषयाची बाजू मांडणे मुळातच चूक होते, असे माझे मत आहे. ‘चुकून फुलदाणी फोडणाऱ्याला आणि मुद्दाम फोडणाऱ्याला सारखीच शिक्षा असावी का?’ या प्रश्नावर मूल आधी ठामपणे ‘हो’ म्हणते आणि सोबत्याचे कारण ऐकून आपले मत बदलते, तेव्हा जे घडते ते वाचनाच्या चाचणीत कसे उमटणार? प्लेटोचा इशारा मात्र मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच येथे वाद जिंकण्याला गुण नकोत, कारण देण्याला आणि दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडून दाखवण्याला हवेत.

प्रतिसाद २
पण नीट कारण देण्यासाठी आधी विषय ठाऊक असावा लागतो. धूमकेतू म्हणजे काय हे माहीत नसलेल्या मुलाला त्या अनुमानातली चूक कोणत्या आधारावर पकडता येईल? म्हणून वेगळा तास न ठेवता विज्ञान आणि इतिहासाच्या तासातच ‘हे कशावरून?’ असे विचारू द्यावे, आणि शिक्षकांना तो प्रश्न पेलण्याचे प्रशिक्षण द्यावे.