मदत हवी आहे : जुन्या मॅटाडोरच्या आतलं प्लाय फुगलंय

नमस्कार मंडळी. बाबांची जुनी मॅटाडोर व्हॅन आहे, आतून प्लाय-सनमायका लावून प्रवासासाठी करून घेतलेली. रात्री पलंग होणारी दोन बाकं, स्टोव्हपुरता ओटा. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर सगळं तिच्यातच पाहिलं आम्ही.

खिडकीच्या रबरातून पाणी झिरपून खालचं प्लाय फुगलं. रबर बदललं, बादलीभर पाणी ओतून पाहिलं, गळती थांबलीय. फुगलेला भाग वीतभरच आहे, वरचं लाकूड टणक. तेवढंच कापून, मागून पट्टी देऊन नवा तुकडा जोडला तर रस्त्याच्या धक्क्यांत सांधा टिकेल का? इथल्या, म्हणजे इंदूरच्या, सियागंज बाजारातून आयएस ७१० मानकाचं मरीन (ओलाव्यात टिकणारं) प्लाय आणणार आहे. सुतार म्हणतो, पूर्ण पॅनल काढा. पण मग बाबांनी निवडलेली पिस्ता रंगाची सनमायका जाईल, आणि तसा रंग मला कुठेच मिळाला नाही. ती वाचवायचीच आहे.

ओट्यावरची सनमायकाही एका जागी सुटलीय. कापड ठेवून इस्त्रीने गरम करून दाबली तर जुना गोंद पुन्हा धरेल, की आत नवा भरावा लागेल?

इंदुरात, शक्यतो रामबाग-लोकमान्यनगरकडे, असं जपून काम करणारे कुणी असतील तर नक्की सांगा.