मदत हवी आहे: जुना पियानो घ्यावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. लेक तीन वर्षं कीबोर्डवर शिकतेय, आता तिचे सर म्हणतात खरा पियानो बघा. पुण्यात एका घरी यामाहा यू१ बघून आलो. १२१ सेंटीमीटर उंचीचा, बाहेरून चकाचक. पण मधल्या सी ची पट्टी दाबली की सावकाश वर येते, आणि वरच्या सप्तकात एकाच सुराच्या तीन तारा आपसात भांडल्यासारख्या वाजतात. मालक म्हणतात, "ट्यूनिंग केलं की झालं." खरंच तेवढंच असतं का? तारांच्या खुंट्या लाकडात सैल झाल्या असतील तर ट्यूनिंग टिकत नाही म्हणे. हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

दुसरी काळजी आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात ४२-४३ अंश, त्यात दिवसभर कूलर. लाकडाला ही कोरडी-दमट ओढाताण सोसेल का? सोलापुरात येऊन ट्यूनिंग करणारं कुणी आहे का, की दर वेळी पुण्याहूनच बोलवायचं?

वजन २०० किलोच्या वर आणि आमचा दुसरा मजला, बिनालिफ्टचा. (नवऱ्याला आत्ताच घाम फुटलाय.) रविवारपर्यंत मालकांना कळवायचंय.