मदत हवी आहे: मशीन ५.९० लाखांचं, खर्चात फक्त ३७,५००?

घाणेवाला_सांगली: लाकडी घाणा घेतला, बिल ५ लाख ९० हजार. सीए साहेबांनी घसारा (मशीनच्या झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरायचा हिस्सा) टाकलाय ३७,५००. दर १५ टक्के आहे ना? मग ८८,५०० हवेत. बाकीचे पैसे गेले कुठे? ते फोन उचलत नाहीत, सीझन आहे त्यांचा. उद्या सही करायचीय, लवकर सांगा.

निवांत: कुठे जात नाहीत हो, ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसलेत. बिलात जीएसटी किती? त्याचं क्रेडिट घेतलंत, म्हणजे तुमच्या भरायच्या जीएसटीतून वळता केलात?

घाणेवाला_सांगली: ९० हजार. घेतलं. त्याचा काय संबंध?

निवांत: ते ९० हजार वळते झाले ना, मग किंमत ५ लाखच धरायची. घसारा ७५,०००.

मालवणी_मेवा: भाड्यानेच घ्यायचं होतंत. आमच्या काजू युनिटला तेच केलं, भाडं सरळ खर्चात.

निवांत: घेऊन झालंय, ताई.

आकडेमोड: ७५ चे साडेसदतीस, म्हणजे निम्मा दर लागलाय. मशीन सुरू कधी झालं?

घाणेवाला_सांगली: ऑगस्टमध्येच आलं की.

आकडेमोड: आलं कधी ते नाही विचारलं. फिरलं कधी?

घाणेवाला_सांगली: थ्री फेज मीटर मिळेपर्यंत जानेवारी उजाडला.

आकडेमोड: मग बरोबर आहे त्यांचं. घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, की आयकरात निम्माच दर. उरलेले ४,६२,५०० पुढच्या वर्षी, त्यावर पूर्ण १५ टक्के, ६९,३७५.

बापूसाहेब: उत्पादकाला नव्या मशीनवर जादा २० टक्के घसारा असतो! सीए बदला.

आकडेमोड: बापू, तो जुन्या करप्रणालीत. आणि तिथेही १८० दिवस भरले नाहीत तर पहिल्या वर्षी १० टक्केच. घाणेवाले, प्रणाली कुठली?

घाणेवाला_सांगली: ते त्यांनाच माहीत.

बापूसाहेब: जुनीच चांगली. मी सोडलेली नाही.

निवांत: तुमचं घरकर्ज नि विमा आहे म्हणून. सगळ्यांना कसं लागू होईल?

भटक्या: जमिनीवर घसारा मिळत नाही, लक्षात असू द्या.

निवांत: जमिनीचं कुणी विचारलंय?

खवय्या: करडई तेल पुण्याला पाठवता का?

घाणेवाला_सांगली: गाडीभाडं नि फाउंडेशनचे १८ हजार दुरुस्तीत टाकलेत. ते तरी चालेल ना?

आकडेमोड: नाही, तेही मशीनच्या किमतीत. रोख दिलेत? एकाला एका दिवसात १० हजारांवर रोख गेलं असेल तर तेवढं किमतीत धरत नाहीत.

घाणेवाला_सांगली: गाडीवाल्याला ८, गवंड्याला १०. म्हणजे यंदा १८,००० चे फक्त १,३५०?

आकडेमोड: हो. ते दुरुस्तीतून काढून मशीनच्या किमतीत टाकायला सांगा, सही त्यानंतर करा.

खवय्या: करडईचं राहिलंच.